बर्फावर पेटवलेली चूल

मार्च अर्धा सरला की मला घरात बसवत नाही. सकाळी नाशिकची हवा अजून गार असते, दहानंतर ऊन चावायला लागतं, आणि मी काही कारण नसताना तीन जिने उतरून खाली जातो, गाडीभोवती एक फेरी मारतो, पुन्हा वर येतो. बायको विचारते, "काही राहिलं होतं का खाली?" मी म्हणतो, "नाही, सहज." गेली नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. या वर्षी त्या 'सहज'मागचं कारण मला घरात सांगावं लागलं. सांगताना बरंच काही राहून गेलं. ते निदान लिहिताना सुटू नये, म्हणून हे लिहितो आहे.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही चौघं स्वीडनच्या अगदी उत्तरेला, एका खाणीच्या गावात राहत होतो. तिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. मी सातपूरच्या ज्या कंपनीत आहे तिने त्या खाणीला विजेची पॅनेलं पुरवली होती आणि देखभालीसाठी मला दोन वर्षांकरता पाठवलं होतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलगा तीनचा. इकडे नाशिकच्या फ्लॅटमध्ये आई एकटी. वडील ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि चार वर्षांत गेले, तेव्हापासून ती एकटीच होती.

त्या गावातला वसंत आपल्यासारखा नसतो. एप्रिल आला तरी बर्फ तसाच असतो, तळी गोठलेलीच असतात, झाडांना एक पान नसतं. फक्त सूर्य परत आलेला असतो. सकाळी पाचला उगवतो तो रात्री साडेआठपर्यंत जायचं नाव घेत नाही, आणि सगळ्या पांढऱ्यावरून त्याचं ऊन असं उसळतं की गॉगल काढला तर डोळे मिटतात. तिथले लोक या दिवसांना हिवाळाही म्हणत नाहीत आणि वसंतही म्हणत नाहीत. दोन्ही शब्द जोडून त्यांनी एक वेगळाच ऋतू केला आहे. रविवारी अख्खं गाव गोठलेल्या तळ्यावर येतं. प्रत्येक कुटुंब काठच्या बर्फात कमरेइतका खड्डा खणतं, खाली रेनडिअरचं कातडं अंथरतं आणि बर्फाच्या भिंतीला पाठ लावून उन्हाकडे तोंड करून बसतं. थंडीत आपल्याकडची म्हातारी माणसं ओट्यावर बसतात तशी. मध्ये जाळ असतो. त्यावर कोणी सॉसेज भाजतं, कोणी कॉफी उकळतं.

मुलं तर तिथे वेडी व्हायची. मुलगी प्लास्टिकच्या घसरगाडीवर पोटावर पडून काठावरून सुटायची ती थेट तळ्याच्या मध्यापर्यंत. मुलगा मासेमारीसाठी पाडलेल्या भोकाशी पालथा पडून तासन् तास आत बघायचा आणि खालच्या माशांशी त्यांच्या भाषेत बोलायचा. त्यांच्या म्हणजे स्वीडिश. माशांना मराठी कळणार नाही, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं.

माझं खरं दुखणं त्या भाषेत होतं, हे मला तेव्हा कबूल करता आलं नसतं. मुलांना ती भाषा सहा महिन्यांत आली. बायको तिथल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि वर्षभरात तिलाही आली. मी खाणीत इंग्रजीवर भागवायचो. दुकानात मात्र मुलगी माझ्या पुढे उभी राहून बोलायची आणि मग मागे वळून मला समजावायची, "बाबा, त्या विचारताहेत पिशवी हवी का." एकदा शाळेतल्या बाईंना मला काहीतरी सांगायचं होतं, तर त्या माझ्याशी न बोलता खाली वाकून माझ्या सहा वर्षांच्या मुलीशी बोलल्या. सातपूरला माझ्या एका हाकेवर चाळीस माणसं उठायची. इथे मी सगळीकडे मुलीच्या मागे उभा असायचो. घरी आल्यावर मी उगाचच तिच्यावर डाफरायचो.

त्यातच कंपनीचं पत्र आलं, आणखी तीन वर्षांचं. सोमवारी सही करून द्यायची होती. बायकोला तिथल्या शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला ऑगस्टपासून प्रवेश मिळाला होता. तो कागद तिने फ्रिजवर चिकटवला होता आणि चहा करताना ती तो रोज वाचायची. मुलांचा तर प्रश्नच नव्हता. एकट्या मलाच सही करायची नव्हती, आणि त्याला सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. ती न्हाणीघरात घसरली होती. लागलं फारसं नव्हतं, पण तिने एक बेत सांगितला.

"तू येऊबिऊ नको," ती म्हणाली. "माझं अन् माझ्या बहिणीचं ठरलंय. मी कळवणला तिच्याकडंच राहायला जाते. तिचं घर मोकळं हाय, अंगण हाय. तीन जिने चढायचा ताप नाय. दोघी म्हाताऱ्या भांडत बसू. हा फ्लॅट तू भाड्यानं देऊन टाक."

मावशी विधवा होती, कळवणजवळच्या गावात एकटी राहायची. मी म्हणालो, "बघू." आणि हे बायकोला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायचं राहिलं, आणि मग राहू दिलं.

तर तो रविवार. आम्ही तळ्यावर गेलो ते दोन मोठी वांगी घेऊन. बर्फावर भरीत करायचं ही कल्पना माझी. माझं आजोळ कळवणकडचं. वांगं जाळावर कसं फिरवायचं, साल कधी फुटते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी खड्डा खणला, मधला बर्फ थापून सपाट केला, बर्च झाडाची साल आणि लाकडं रचली आणि चूल पेटवली. मुलगी बाजूला उभी राहून बघत होती.

"बाबा, खाली लाकडं..."

"तू मला चूल शिकवू नकोस. तुझ्याएवढा होतो तेव्हा मी शेतात एकटा जाळ करायचो."

"बरं," ती म्हणाली, आणि घसरायला निघून गेली.

जाळ सुरेख लागला. मी वांगी ठेवली. पाच मिनिटांनी वाटलं, जाळ मंदावतोय. मी आणखी लाकडं घातली. तो पुन्हा मंदावला. मी पुन्हा घातली. मग लक्षात आलं की जाळ मंदावत नव्हता, तो खाली चालला होता. खालचा बर्फ वितळत होता आणि विहिरीत कोणी उतरावं तशी माझी चूल सावकाश खाली उतरत होती. ती गुडघाभर खोल गेली, 'चर्र' असा आवाज झाला, आणि वाफ विरल्यावर पाहिलं तर तळाशी काळं पाणी आणि त्यात दोन वांगी तरंगताहेत.

शेजारच्या खड्ड्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, आमच्याच इमारतीत राहणारे. ते उठून आले, वाकून आत बघितलं, आणि अंत्ययात्रेला आल्यासारखी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मग काहीतरी म्हणाले. आसपासचे तीनचार खड्डे खो खो हसले. बायकोही हसली. मुलगी धावत आली आणि हसत हसत मला सांगायला लागली, "ते म्हणताहेत, मासे धरायला भोक पाडायचं तर यंत्र मिळतं. इतकं जाळायला नको!"

बायकोने त्यांना त्यांच्याच भाषेत काहीतरी उत्तर दिलं. त्यावर हशा दुप्पट झाला. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

ती डोळे पुसत म्हणाली, "काही नाही रे. मराठीत त्यातली गंमत जाते."

आणि मुलगी म्हणाली, "मला माहीत होतं. शाळेत शिकवलंय आम्हाला. आधी खाली ओली जाड लाकडं आडवी घालायची, त्याच्यावर जाळ करायचा. मी सांगतच होते तुम्हाला."

म्हाताऱ्यांनी आपल्याकडची चार जाड लाकडं आणून शेजारी शेजारी मांडली, वर जाळ केला. वांगी पाण्यातून काढली, पुसली, पुन्हा भाजली. भरीत झालं. तिखट लागतं म्हणून सगळ्यांनी ओरडत खाल्लं आणि पुन्हा मागितलं. मुलाने भोकातून माशांनाही थोडं दिलं. बायकोचे गाल उन्हाने लाल झाले होते. माझं कुटुंब इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मी कातड्यावर बसून ओल्या हातमोज्यांचं पाणी पिळत होतो. त्या म्हाताऱ्यांनी जाळाखाली लाकडं घातली तेव्हाच माझं ठरलं होतं.

संध्याकाळी सात वाजता आम्ही परत निघालो. ऊन अजून होतंच. सकाळी बर्फाचा वरचा थर दगडासारखा असतो, त्यावरून खुशाल चालता येतं. दुपारनंतर तो मऊ पडतो, आणि वजनदार माणूस दर चार पावलांना मांडीपर्यंत आत जातो. वजनदार माणूस मीच. मुलगा घसरगाडीवर झोपला होता, बायको गाडी ओढत होती, मुलगी पुढे गाणं म्हणत चालली होती.

"उद्या सकाळी आधी सही," बायको म्हणाली. "मी पेन घेऊनच बसते दारात."

मी बर्फातून पाय उपसला आणि म्हणालो, "आईचा फोन आला होता. न्हाणीघरात पडली. रडत होती. परत या म्हणाली."

ती थांबली. "आई रडल्या?"

"हो."

तिने माझ्या आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले त्या दिवशीही नाही. म्हणून त्या एका शब्दाने काम झालं. ती थोडा वेळ तळ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मग जायलाच हवं." पुन्हा गाडी ओढायला लागली. घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद तिने काढला, घडी घातली, कुठे ठेवला ते मला कळलं नाही.

आईला मी फोनवर सांगितलं, "तुला एकटीला सोडून इथे लक्ष लागत नाही. आम्ही परत येतोय."

मग ती म्हणाली, "अन् कळवणचं?"

"आता कशाला कळवण? आम्ही येतोय ना."

"बरं," ती म्हणाली. माझी मुलगी म्हणाली होती तसंच.

एवढी एक थाप. पुढची नऊ वर्षं तिला कोणी हात लावला नाही, आणि त्याचं कारण त्या दोघींची एकमेकींबद्दलची रीत. बायकोने आईला कधी विचारलं नाही की तुम्ही का बोलावलंत, कारण म्हाताऱ्या माणसाला टोचल्यासारखं होईल. आईने सुनेला कधी विचारलं नाही की तुम्ही का आलात, कारण मुलगा-सुनेच्या निर्णयात आपण बोलू नये. दोघींच्या या चांगुलपणाखाली माझी थाप सुखाने नांदली.

सुखाने म्हणजे माझ्या. बायकोला तिची इथली शाळेतली जुनी नोकरी परत मिळाली नाही. ती घरी शिकवण्या घेते. आईला ती कधी वेडावाकडा शब्द बोलली नाही. चहा वेळेवर दिला, पथ्याचं केलं, आणि प्रत्येक वेळी कप ठेवून ती उठून गेली. आईजवळ बसली नाही. आई तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि गोळ्या न चुकता घ्यायची. गुडघ्यांमुळे ती महिनोन् महिने खाली उतरत नसे. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. दहाव्याहून येताना आई गाडीत एवढंच म्हणाली, "लय वाट बघितली तिनं." मी काच खाली केली, पुन्हा वर केली.

आता या मार्चची गोष्ट. मुलगी पंधरा वर्षांची आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तिला त्या रविवारचे फोटो सापडले आणि तिने ते टीव्हीला लावले. आम्ही सगळेच बाहेरच्या खोलीत होतो. बर्फ, घसरगाडी, भोकाशी पालथा पडलेला मुलगा. मग ती विहीर झालेली चूल, तळाशी वांगी, आणि शेजारी टोपी छातीशी धरलेले म्हातारे. मुलगा ओरडला, "बाबांची पाणबुडी!" सगळे हसले, आईही.

"किती उजेड हाय गं तिकडं," आई म्हणाली. "अन् सुनबाई बघा कशी हसतीये. एवढं चांगलं सोडून आलात माझ्या एकटीपायी."

बायको फोटोकडेच बघत होती. तिथला तो हसणारा चेहरा तिचाच होता, म्हणून असेल, तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघून गेलं, "तुम्ही बोलावलंत, मग यायलाच हवं होतं, आई."

"मी?" आई म्हणाली. "मी कधी बोलावलं?"

"फोनवर. पडला होतात तेव्हा. रडलात म्हणे."

"मी नाय रडले. मी तर नको येऊ म्हणाले व्हते." आणि तिने माझ्याकडे बघितलं. "नाय का रे?"

सांगून टाकायची ती वेळ होती. टीव्हीवर माझीच बुडालेली चूल होती. मी म्हणालो, "आई, तू विसरलीस. नऊ वर्षं झाली. या वयात होतं असं."

नऊ वर्षांपूर्वी मी बोललो तेव्हा निदान पाय बर्फात अडकलेला होता. या वेळी मी सोफ्यावर आरामात बसून बोललो.

आई "असंल," म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "असंल बाबा."

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे पाहिलं त्याने माझे पाय खरोखरच घरात ठरेनासे झाले. आई गॅलरीत बसून पुटपुटायला लागली. आधी वाटलं, नामस्मरण. मग एकदा कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जवळ जाऊन ऐकलं. ती एसटीचे थांबे म्हणत होती. "म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, वणी, नांदुरी..." कळवणपर्यंत जायची आणि उलट्या क्रमाने परत यायची. मध्ये कुठे अडली तर पुन्हा नाशिकपासून सुरुवात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती आदल्या दिवशीची भाजी लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कागदाने झाकून आठवून बघायची. स्वयंपाकघरात दोनदा उठून गॅस बंद आहे का बघायची. जी बाई आयुष्यात स्वतःच्या शब्दाला कधी अडखळली नाही, ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझ्याकडे बघून विचारायला लागली, "बरोबर हाय ना रे?"

एके सकाळी तिने मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. "मला डोक्याच्या डॉक्टरकडं ने," ती म्हणाली. "सुनेला सांगू नको. माझ्या आत्याचं असंच झालं व्हतं. शेवटी पोटच्या पोराला ओळखत नव्हती ती. मला आधी कळलेलं बरं."

मी नंबर लावला. मंगळवारी सकाळी अकराचा. त्या तीन दिवसांत मी किती वेळा जिना उतरलो ते मला सांगता येणार नाही.

मंगळवारी ती चांगली साडी नेसून आली. दवाखान्यात बाकावर बसल्यावर तिने माझा हात धरला. "ते वार विचारतात म्हणं. तारीख विचारतात. तू मधी बोलू नको, मला सांगू दे. मंगळवारच ना आज? नको, सांगू नको." आणि पुन्हा सुरू झाली, "म्हसरूळ, ढकांबे..." दिंडोरीशी ती अडली. तिला पुढचं वणी आठवेना. जिथे तिचं निम्मं आयुष्य एसटी बदलण्यात गेलं, ते वणी. भीतीनेच आठवत नव्हतं.

मी म्हणालो, "आई, तू काहीच विसरलेली नाहीस."

"आं?"

"तू रडली नव्हतीस. तू बोलावलं नव्हतंस. तू कळवणला जाते म्हणाली होतीस. मी तिला खोटं सांगितलं होतं. परवाही खोटंच बोललो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हात सोडेल. पण तिचा चेहरा आधी सैल झाला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. आणि ती चक्क हसली. "म्हणजे माझं डोकं जाग्यावर हाय?"

"हो."

"वणी!" ती मोठ्याने म्हणाली. "वणी, नांदुरी, कळवण!" शेजारची दोन माणसं वळून बघायला लागली.

हे सगळं पुरतं उमगायला तिला एखादं मिनिट लागलं असेल. मग तिने हात काढून घेतला. "का?" विचारलं.

मी सांगायला लागलो. भाषेचं, मुलीच्या मागे उभं राहण्याचं, चुलीचं, म्हाताऱ्यांच्या टोपीचं. दवाखान्याच्या बाकावर, ट्यूबलाइटखाली, ते सगळं इतकं लहान वाटत होतं की मला मध्येच थांबावंसं वाटलं. आईने थांबू दिलं नाही. "मग?" "पुढं?" करत तिने सगळं काढून घेतलं. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "आजी, तुमचा नंबर आला."

आई उठली. "माझं डोकं बरं हाय, पोरी," ती म्हणाली. "याचं तपासा." आणि चपला घालून बाहेर चालायला लागली.

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. नेहमी पुढे बसते. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती बोलली.

"माझ्या बहिणीनं दोन वर्षं माझी खाट अंगणात घालून ठेवली व्हती. पावसात आत घ्यायची, परत बाहेर काढायची. मी फोनवर म्हणायची, अगं पोरगं माझ्यासाठी परदेश सोडून आलंय, त्याला टाकून मी कशी येऊ? तर म्हणायची, भाग्याची हायेस बाई."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. मला गियर पडेना.

"घरी गेल्यावर बायकोला सांग," आई म्हणाली. "मी नाय सांगणार. तुझ्या तोंडानं सांग. अन् शनिवारी मला कळवणला सोड."

बायको जेवणाच्या टेबलावर शिकवणीच्या वह्या तपासत होती. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोललो असतो. मला वाटलं होतं, ती आधी अभ्यासक्रमाचं विचारेल, त्या घडी घातलेल्या कागदाचं. तिने विचारलं, "आणि आईंना तू सांगितलंस, की त्या विसरल्या?"

"हो."

"आठ दिवस त्या गॅस बघायला उठत होत्या. ते यामुळे?"

"हो."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. "नऊ वर्षं मी त्या बाईंपुढे चहा ठेवला आणि उठून आले," ती म्हणाली. "मला वाटायचं, यांनी माझं तोडलं. मी मनात काय काय बोलले असेन त्यांना." मग उठून ती आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. संध्याकाळच्या शिकवणीची मुलं आली, त्यांना मीच परत पाठवलं.

मुलांनाही सांगितलं. "म्हणजे बाबा," मुलगी म्हणाली, "आपण वांग्यांमुळे परत आलो?" ती हसत नव्हती.

शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली, तर बायकोने हात पुढे केला. "आईंना मी नेते. मुलं येताहेत. आठवडाभर राहू. मावशींचं घर झाडायचंय, खाट विणून घ्यायचीय. आईंना आवडलं तर त्या तिथेच राहतील, नाही आवडलं तर येतील. ते त्या ठरवतील."

"मी?"

"तू थांब." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी गॅलरीतून बघितलं. आई एकेक पायरी धरत उतरली, पुढच्या सीटवर बसली, बायकोने तिचा पट्टा लावला. गाडी वळली. त्या दिवशी मी कितीदा खाली गेलो आणि वर आलो, मोजलं नाही. 'काही राहिलंय का' असं विचारायला घरात कोणी नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास मुलीने फोटो पाठवला. मावशीचं अंगण, उन्हाने तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसलेली आई, आणि तिच्या शेजारी, पहिल्यांदाच शेजारी, पाय पसरून बसलेली बायको. पुढे तीन दगडांची चूल, त्यावर वांगी. खाली मुलीने काही लिहिलं नव्हतं. मग एक आवाजी निरोप आला. आईचा.

"सांग तुझ्या बापाला," ती मुलीला म्हणत होती, "इथली जमीन टणक हाय म्हणावं. जाळ बुडत नाय."

मागे कोणीतरी हसलं. तळ्यावर ऐकलेलं ते हसणं मी लगेच ओळखलं. निरोप संपला. मी तो पुन्हा लावला, आणि ऐकत ऐकत जिना उतरून खाली गेलो. गाडीची जागा रिकामी होती.